नवव्या प्रकरणाची फेरतपासणी

हेडसर बावीस वर्षं मुख्याध्यापकाच्या खुर्चीत होते, असं त्यांच्या निरोप समारंभात सांगण्यात आलं. ते खरं नव्हतं. खुर्चीत ते फारसे बसलेच नाहीत. पहिल्या घंटेआधी अर्धा तास ते फाटकात उभे असत, दोन्ही हात पाठीमागे बांधून. उशिरा येणाऱ्याला ते बोलत नसत, नुसते बघत. त्या बघण्यामुळे मुलं दुसऱ्या दिवशी वेळेवर येत आणि दोन-तीन शिक्षक तर आदल्या संध्याकाळीच येऊन बसावं की काय अशा विचारात असत.

त्यांची तत्त्वं दोन होती. एक, उत्तरपत्रिका कागदाच्या एकाच बाजूला लिहायची, कारण शाळेचा कागद इतका पातळ की शाई पलीकडच्या उत्तराला जाऊन भेटायची. दोन, एकदा तपासलेला पेपर पुन्हा उघडायचा नाही. पालक रडून गेले, संस्थेचे अध्यक्ष येऊन गेले, एकदा तर अध्यक्षांचा नातूच काठावर नापास झाला. पण सरांनी दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा काही सुटला नाही.

निवृत्तीच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे केले. त्यामुळे साखर हळदीच्या जागी गेली आणि चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नीनं कागद त्यांच्यासमोर आपटले. त्याही गणिताच्या शिक्षिका. घरीदारी सगळे त्यांना बाईच म्हणत. लिहायचंय ते लिहा, पण बाहेरच्या टेबलावर, असं त्यांनी बजावलं. साहित्याला एक लेखक मिळाला तो असा.

कागद जुन्या उत्तरपत्रिकांचे होते. माळ्यावर वीसेक गठ्ठे पडून होते आणि पहिल्या तत्त्वामुळे प्रत्येक पानाची एक बाजू कोरी होती. कोरी बाजू फुकट घालवणं सरांना जमण्यासारखं नव्हतं. पुढच्या वीस वर्षांत त्यांनी सहा पुस्तकं लिहिली. ती शाळांच्या ग्रंथालयांत गेली आणि आजही तिथे उत्तम स्थितीत आहेत.

सातवं आत्मचरित्र. ते मात्र लोकांनी वाचलं. मागून मागून वाचलं. त्यातही 'शिस्त आणि मी' या नवव्या प्रकरणानं कहर केला. एका समीक्षकानं लिहिलं की इथे लेखक स्वतःच्या अंगातून बाहेर येतो आणि लहान मुलाच्या निर्दय डोळ्यांनी स्वतःकडे पाहतो. शैलीतलं असं धाडस एकोणऐंशीव्या वर्षी क्वचितच कुणी केलं असेल. पुस्तकाला पुरस्कार मिळाला. शनिवारी समारंभ होता आणि त्यात सरांनी नववं प्रकरण वाचून दाखवावं अशी विनंती होती.

सरांनी छापील पुस्तक उघडलं नव्हतं. तत्त्व दुसरं. सराव म्हणून त्यांनी ते मंगळवारी सकाळी पहिल्यांदा उघडलं.

'आमचे हेडसर फाटकात उभे असतात,' असं तिथे छापलं होतं. 'ते हात मागे ठेवतात कारण त्यांचे हात थरथरतात. मला एकदा उशीर झाला होता म्हणून मागच्या भिंतीकडून यावे लागले, तेव्हा दिसले. सगळी मुले सरांना घाबरतात आणि सर सगळ्या मुलांना घाबरतात. हे अजून कोणाला माहीत नाही.'

सरांनी प्रकाशकाकडून परत आलेलं हस्तलिखित काढलं. काय झालं ते कळायला मिनिटही लागलं नाही. आठ प्रकरणं त्यांनी नीट बांधली होती. नववं बांधताना मात्र हातांनी चाळीस वर्षांची सवय पाळली होती: मुलाचं लिखाण वर, कोरी बाजू खाली. अक्षरजुळणी करणाऱ्यानं जे वर होतं ते जुळवलं, वरच्या नावा-विषयाच्या ओळी सोडून शीर्षक अनुक्रमणिकेतून घेतलं आणि लाल शाईतलं सगळं इमानानं वगळलं. शिस्तीवरचं सरांचं मूळ प्रकरण मागच्या बाजूला तसंच राहिलं होतं. त्याची उणीव कुणालाही भासली नव्हती.

वर आठवीतल्या एका मुलीचं नाव होतं. विषय, माझी आवडती व्यक्ती. गुण, वीसपैकी सहा. आणि सरांच्याच अक्षरात शेरा: 'विषयांतर. आवडती हा शब्द वाचला नाही का?'

त्यांनी बाईंना हाक मारली. बाईंनी ते प्रकरण प्रुफातच वाचलं होतं.

"मला वाटलं, जन्मात पहिल्यांदा खरं लिहिलंत," बाई म्हणाल्या. "बोलले असते तर खोडून टाकलं असतंत."

"माझे हात थरथरायचे?"

"अहो, मला बघायला आलात तेव्हा कप बशीवर असा वाजत होता की बाबांना वाटलं, दारात टांगा आलाय."

गप्प राहणं सोपं होतं. अक्षरं जुळवणाऱ्यानं पान उलटून पाहिलं नव्हतं, मुलगी आता कुठे असेल कुणास ठाऊक, आणि सहा पुस्तकांनंतर मिळालेलं कौतुक असं उठून परत द्यायचं म्हणजे जिवावर येणारच. बाईंनी तेही ओळखलं. गप्प बसलात तर मी कुणाला सांगणार नाही, त्या म्हणाल्या, पण ते प्रकरण पुन्हा वाचणारही नाही.

मुलगी कुठे असेल हे शाळेच्या शिपायाला ठाऊक होतं. शाळेमागच्याच गल्लीत ती शिवणकाम करत होती. पंधरा वर्षं शाळेचे गणवेश तिच्याच मशीनवर शिवले जात होते.

बुधवारी सर दुकानात शिरले तेव्हा ती एका कॉलरला टाचण्या लावत होती. पन्नाशीला आली होती, पण सरांना पाहून उभी राहिली. गणवेशाबद्दल तक्रार असेल असं समजून, कापड शाळेनंच निवडलंय, असं तिनं आधीच सांगून टाकलं. सरांनी उत्तरपत्रिका पुढे केली आणि सगळं सांगितलं. तिनं निबंध वाचला नाही. आधी शेरा वाचला.

"बत्तीस पडले होते मला भाषेत," ती म्हणाली. "पस्तीसला पास. वर्ष गेलं, मग घरचे म्हणाले पुरे झालं. आई आली होती तुमच्याकडे फेरतपासणीला."

"मी काय म्हणालो?"

"काही नाही. नुसतं बघितलंत."

सर म्हणाले की प्रकाशकाला पत्र लिहितो, पुढच्या आवृत्तीत तुझं नाव येईल, पुरस्कारही तुझाच. तिनं हातातल्या टाचण्या डबीत ठेवल्या.

"ते मागाहून. आधी पेपर तपासा."

दुकानात लाल पेन नव्हतं. कापडावर खुणा करायचा लाल खडू तिनं पुढे केला. सर उभ्यानंच तिन्ही पानं वाचत राहिले. खडू हातात असल्यामुळे हात पाठीमागे ठेवायची सोय नव्हती. मग त्यांनी सहावर काट मारली आणि शेजारी वाकडंतिकडं सतरा लिहिलं.

"तीन कुठे गेले?"

"आवडती हा शब्द तू वाचलेला नाहीस. आजही माझं तेच मत आहे."

"वाचला होता, सर," ती म्हणाली. "इतकं घाबरून रोज फाटकात उभा राहणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नव्हता."

सरांनी खडू टेबलावर ठेवला. सतराचे वीस मात्र केले नाहीत. एक पेपर दुसऱ्यांदा उघडला इथवर ठीक होतं. तिसऱ्यांदा उघडण्याइतके ते बदलले नव्हते.

शनिवारी त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं की हे प्रकरण माझं नाही, माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे आणि मी तिला त्यात नापास केलं होतं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी पुन्हा तेच सांगितलं, टाळ्या वाढल्या. त्याच समीक्षकांनी उठून माइक घेतला आणि खरा लेखक आपल्या निर्मितीचं श्रेयही पात्राला देऊन टाकतो, असा विनय आता दुर्मीळ झाला, असं सांगितलं.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून ती उठली. उत्तरपत्रिका तिनं पिशवीतून आणली होती.

"विनय कसला," ती म्हणाली. "तीन मार्क अजून कापलेतच."

मग व्यासपीठावर जाऊन तिनं निबंध वाचला. सर बाजूला उभे होते, हात पुढे धरून. बाई पहिल्या रांगेत होत्या आणि हे प्रकरण त्यांनी पुन्हा ऐकलं.

दुसऱ्या आवृत्तीत नवव्या प्रकरणाखाली तिचं नाव आलं. समीक्षकांनी त्यानंतर सरांवर काही लिहिलं नाही. सर ब्याण्णव वर्षं जगले आणि आणखी दोन पुस्तकं त्यांनी लिहिली, दोन्ही नव्या कोऱ्या कागदावर. छापायला देण्याआधी हस्तलिखित गल्लीतल्या दुकानात जायचं आणि आठवड्यानं परत यायचं, पानापानांत टाचण्या आणि कडेला लाल खडूच्या खुणा. शेवटच्या पुस्तकाला तिनं वीसपैकी अकरा दिले आणि खाली 'विषयांतर फार' असा शेरा मारला.

सरांनी फेरतपासणी मागितली नाही. वीसपैकी अकरा म्हणजे पास होतं.