जनाबाईचं झंपर

आजवर संध्याने अमरावतीच्या शाळांच्या भिंतींवर पचनसंस्था आणि सूर्यमाला रंगवल्या होत्या. चेहरे काढायला मिळाले ते मोर्शीकडच्या या विठ्ठलमंदिरातच. दळण दळणारी जनाबाई आणि एका हाताने जातं ओढू लागणारा विठ्ठल तयार होते. कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहायचं तेवढं बाकी होतं, तेही आयुष्यात पहिल्यांदाच.

मंदिराचे अध्यक्ष नत्थुजी आले, भिंतीसमोर थबकले. "बाई, हे जनाबाई व्हय का लग्नातली करवली?"

आक्षेप झंपरावर होता. फुग्याच्या बाह्या, काठाला जर, अंगासरशी शिवण.

"तुमच्या अंगावरचंच दिसून राहिलं," त्यांच्या पत्नी वच्छलाकाकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. खरंच होतं. संध्याने आरशात पाहून आपलंच झंपर उतरवलं होतं. "पण लय साजरं आहे."

"साजरं आहे म्हणूनच नको. परवा सप्ताह बसते. बाया हात जोडतीन का मापं घेतीन? उद्या चुना मारू भिंतीले."

संध्या ब्रशसकट भिंतीच्या आड उभी राहिली. "भाऊ, विठ्ठलाच्या पीतांबराला जर चालते की."

"तो मालक. हे कष्टाची बाई. या बाह्यांत दळता तरी येते काय?"

"येतं. दाखवते."

सभामंडपाच्या कोपऱ्यात लग्नाची हळद दळायचं जातं होतं. काकूंचे मूठभर तांदूळ घेऊन संध्याने ठाण मांडलं. सुरुवातीचे फेरे झोकात झाले. मग खुंटा जरा दूर गेला, तिने जोर लावला, आणि खांद्यापाशी बाही टर्रकन उसवली.

काकूंना हसू आवरेना. हसतच त्यांनी बांगडीतली पिन काढून दिली. नत्थुजींनी सभ्यपणे भिंतीकडे तोंड फिरवलं.

संध्याने पिन लावली. गालातल्या गालात हसत ती उठली आणि बारीक ब्रशने जनाबाईची बाहीही तिथेच उसवून टाकली. एक धागा लोंबता ठेवला.

"अवं, आता फाटकं?" नत्थुजी कळवळले. "लोक म्हणतीन, मंडळानं जनाबाईले धड झंपर बी नाई देलं!"

"दळताना उसवलं, भाऊ. तुम्हीच म्हणालात ना, कष्टाची बाई."

नत्थुजींनी जवळ जाऊन तो धागा न्याहाळला. मग त्यांनी विठ्ठलाकडे बोट दाखवलं. "याचा हा दुसरा हात काय करून राहिला?"

"काही नाही. मांडीवर आहे."

"मंग त्यात सुई द्या. दळू लागते तिले, तर दोन टाके नाई घालीन काय?" बोलता बोलता त्यांचा आवाज मऊ झाला होता.

संध्याने विठ्ठलाच्या हातात सुई रंगवली, बाहीचा लोंबता धागा सुईच्या नेढ्यातून ओवून घेतला.

"देवाले सुचते," काकू तांदळात बोटं फिरवत म्हणाल्या. "आमच्या घरच्या मालकाले बटन बी लावता नाई येत."

नत्थुजींचा हात आपल्या सदऱ्याच्या बटनांकडे गेला, तेवढ्यात संध्याने कोपऱ्यात नाव लिहून टाकलं.