कागदावर भंगार

मी एक जुना डिझेलचा टेम्पो आहे. सध्या भंगाराच्या आवारात उभा आहे. माझी चाकं काढून झाली, तरी जीव काही एका जागी थांबत नाही. मित्रांनो, माझी पाळी येण्याआधी तुमच्याशी बोलून घेतो.

हडपसरच्या महिपतींनी मला नवाकोरा घरी आणला, तेव्हा त्यांच्या पत्नीने, विमलाबाईंनी, मला हळदकुंकू लावून ओवाळलं होतं. रोज पहाटे मेथी-कोथिंबीर भरायची आणि मार्केट यार्ड गाठायचं, हा आमचा नेम. चढावर मी कधी दमलो नाही. "माझा टेम्पो म्हंजे वाघ हाय!" महिपती सगळ्यांना सांगत, आणि मी फुगत असे.

वय झालं तसा माझा धूर काळा पडला. एकदा बंद पडलो की लवकर सुरू होत नसे, म्हणून माल उतरवतानाही ते मला चालूच ठेवत. मागे उभा राहून पोती उचलणारा संपत हमाल खोकायचा. "महिपती, तुझा वाघ आमाला खातोय की रं," असं हसत म्हणायचा. पुढे हसणं गेलं, खोकला राहिला. एके दिवशी पोतं अर्ध्यावर टाकून तो खाली बसला, तो पुन्हा कामावर आलाच नाही.

त्याच सुमारास सरकारने योजना काढली. आमच्या भागातली हवा फार बिघडली होती. जुनी डिझेल गाडी मोडीत काढणाऱ्याला विजेच्या गाडीसाठी अनुदान मिळणार होतं. अट एकच, जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर दिसता कामा नये. महिपती कितीदा तरी येऊन माझ्या दारावर हात ठेवून उभे राहत. मी आतल्या आत खदखदत असे.

मग चेतन नावाचा एजंट आला. "काका, कागदावर भंगार दाखवू आणि गाडी लांबच्या गावात विकू. शाळेची पोरं न्यायला तिथल्या लोकांना हवीच आहे. अनुदानही तुमचं, गाडीचे पैसेही तुमचे."

खरं सांगतो, मी आनंदाने थरथरलो. मला जगायचं होतं!

महिपतींनी मान खाली घातली. विमलाबाईंनी विचारलं, "पोरं कुठं बसणार?"

"मागं हौद्यात, मावशी."

"म्हंजे धुराच्या तोंडाशी. संपतभाऊ तर चांगला धडधाकट गडी होता. अहो, बोला की!"

महिपतींनी मान वर केली. "चेतन, चहा घे आन् नीघ."

मला विमलाबाईंचा भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी या भंगाराच्या आवाराकडे निघालो, तेव्हाही तो धुमसतच होता. वाटेत महिपतींनी मला संपतच्या गल्लीच्या तोंडाशी बंद केलं. संपत भिंतीला धरून बाहेर आला. चार पावलांत त्याला धाप लागली. त्याने माझ्या पत्र्यावर थोपटलं. "लई राबला बिचारा," तो म्हणाला, आणि खोकत राहिला.

माझा राग तिथेच विझला. पुढचा रस्ता मी एकदाही कुरकुरलो नाही.

कटरचा आवाज जवळ येतोय, मित्रांनो. मला वाचवा, असं मी म्हणणार नाही. एवढंच करा. उभी गाडी धडधडत असेल, तर चालवणाऱ्याला इंजिन बंद करायला सांगा. तो चिडेल. चिडू द्या. मागे कुणीतरी उभं असतं.