साडेतीन हजारांची दोन मिनिटं

माझा कॉम्प्युटर बरोबर बाविसाव्या मिनिटाला जीव सोडतो. आधी पंखा असा किंचाळतो, जणू टेबलासकट उडणार आहे. मग पडद्यावरची माणसं गुडघे दुखत असल्यासारखी चालायला लागतात. मग टप्! काळा पडदा, आणि त्यात आ वासलेलं माझंच तोंड.

एरवी मी सोडून दिलं असतं, पण शनिवारी चार वाजता शाळाशाळांमधला सामना होता आणि कॅप्टन मी होते. मी! जी वर्षभर माइक बंद ठेवून खेळली, ती! झालं असं, की एकदा चुकून माइक चालू राहिला आणि मी स्वतःशीच पुटपुटले, "अरे डावीकडून जा ना गाढवांनो, डावी बाजू मोकळी आहे!" सगळी गाढवं निमूट डावीकडून गेली आणि आम्ही जिंकलो. त्या दिवसापासून मी जी बोलत सुटले, ती अजून थांबलेली नाही.

आमचा खेळ पाच विरुद्ध पाच. समोरच्यांचा बुरूज फोडायचा. सामना तीस-चाळीस मिनिटं सहज चालतो, आणि खेळात मेलेला थोड्या वेळाने पुन्हा उठतो, पण मध्येच कॉम्प्युटर बंद पडून गेलेल्याला परत घेत नाहीत. टीममध्ये माझं नाव 'वाफ' आहे. कारण सांगायला नको.

सोमवारी मधल्या सुट्टीत घोरपडीने मला गाठलं. घोरपड म्हणजे माझ्याच वर्गातली. शत्रूला चिकटली की सोडत नाही.

"वाफ, स्पष्ट बोलू?"

"तू कधी अस्पष्ट बोलतेस?"

"शनिवारी तू बाविसाव्या मिनिटाला गेलीस तर आपण हरणार. त्यापेक्षा आधीच दुसऱ्या कुणाला तरी घेऊ. शनिवारी साडेतीनपर्यंत सांग."

मी म्हणाले, "मी खेळणार. कॉम्प्युटर गार करून दाखवते."

म्हणाले खरी, पण कसा करायचा ते मला ढिम्म माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळपासून मी वाचतच सुटले. पाण्यावर चालणारे कूलर, टॉवरसारखे उंच कूलर, प्रोसेसरवर लावायची ती दंतमंजनासारखी पेस्ट. पंखे किती, कुठे, केवढे. जेवताना तेच, दात घासताना तेच. आई म्हणाली, "एवढा अभ्यास विज्ञानाचा केला असतास तर..." मी म्हणाले, "आई, हे विज्ञानच आहे!"

माझी आत्या आमच्याच घरी राहते आणि भाज्या-फळं साठवायच्या मोठ्या शीतगृहात मेकॅनिक आहे. भर उन्हाळ्यात जाड जॅकेट काखोटीला मारून कामावर जाते आणि शेजारचे तिच्याकडे बघत राहतात. मी तिला विचारलं, "आत्या, थंडावा विकत घ्यायचा तर सगळ्यात चांगला कुठला?"

ती बूट चढवत होती. "थंडावा कुणी विकत नाही गं. उष्णता असते. ती बाहेर काढायची, झालं." आणि गेलीसुद्धा.

हे मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. उष्णता बाहेर काढायची. झालं!

माझं बजेट होतं साडेतीन हजार. त्यातले दोन माझे, दीड दादाचे, कारण कॉम्प्युटर दोघांचा. दादाचं मत होतं, "खिडकी उघडी ठेव की." पण त्याच्याकडे स्कूटर होती, म्हणून दुकानात त्याला न्यावंच लागलं.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलंही नाही. दादाला म्हणाला, "बोला साहेब, काय दाखवू?"

दादा म्हणाला, "मी ड्रायव्हर आहे. हिला विचारा."

तरी दुकानदाराने खोका दादापुढेच ठेवला. पाण्याचा कूलर, सात रंगांचे दिवे. "हा घ्या साहेब. आत बर्फ होतो की नाही बघा."

इतका सुंदर होता म्हणून सांगू! मला तो कुशीत घेऊन झोपावंसं वाटलं. किंमत नऊ हजार. दादाने माझ्या कानात विचारलं, "एक किडनी तुझी, एक माझी?"

"काका," मी म्हणाले, आणि आवाज माइकवरचाच लागला, अख्खं दुकान वळलं. "बजेट साडेतीन हजार. टॉवर कूलर दाखवा, पेस्ट आणि दिव्यांचे दोन पंखे."

त्यांनी टॉवर काढला. मी खोक्यावरची उंची वाचली. "हा एकशे साठ मिलिमीटर आहे. माझ्या कॅबिनेटमध्ये एकशे पंचावन्नच मावतो. मी पट्टीने मोजलंय."

"पाच मिलिमीटरने काय होतंय?"

"झाकण लागत नाही, काका."

दादाने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. दुकानदार आत गेला आणि एकशे पन्नासचा घेऊन आला. पुढचं सगळं तो माझ्याशीच बोलला. शेवटी तर म्हणाला, "मॅडम, पेस्ट वाटाण्याएवढीच लावा हं." मॅडम! घरी येईपर्यंत मी स्कूटरवर मागे बसून गात होते.

शुक्रवारी शाळेतून आले ती थेट स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. जुना कूलर काढला, वाळलेली पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, टॉवर बसवला. मागचा जुना काळा पंखा हवा बाहेर फेकतच होता, त्याला हात लावला नाही. नवे दोन पंखे पुढच्या बाजूला. आता पंख्याला एक देखणी बाजू असते आणि एक फासळ्या दिसणारी. आमच्या कॅबिनेटचं पुढचं तोंड पत्र्याने बंद, हवेला फक्त कडेच्या फटी; आतलं सगळं दिसतं ते बाजूच्या काचेतून. म्हणून मी देखणी बाजू आत केली. दिवे लागले! काचेतून जांभळा, निळा, हिरवा उजेड भिंतीवर नाचायला लागला आणि मीही.

शनिवारी दुपारी अडीच वाजता सरावाचा खेळ सुरू केला. वीस मिनिटं, ठणठणीत. बावीस! तेवीस! मी खुर्चीवर उभी राहिले. चोवीस...

टप्.

दारातून दादा म्हणाला, "साडेतीन हजारात दोन मिनिटं. महाग पडली."

मला हसूही येईना आणि रडूही. घोरपडीला कळवायला अर्धा तास उरला होता. मी फोन हातात घेतला, 'दुसरीला घे' असं टाइपही केलं. तेवढ्यात आत्या कामावरून आली, जॅकेट काखेत.

"तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

मी भडाभडा सगळं सांगितलं. तिने कॉम्प्युटर चालू करायला लावला, टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी फाडली आणि मागच्या पंख्यापाशी धरली. पट्टी बाहेर उडाली.

"इथून बाहेर. बरोबर." पुढच्या फटीपाशी धरली. पट्टी तिथेही बाहेर उडाली. आत्याने माझ्याकडे बघितलं. "इथूनही बाहेर. मग हवा आत येतेय कुठून?"

"आत कशाला यायला हवी? तूच म्हणालीस, उष्णता बाहेर काढायची! मी वहीत लिहिलंय!"

"अगं माझे बाई, बाहेर काढ म्हणाले. आत घेऊ नको असं म्हणाले होते का? तिन्ही पंखे बाहेर फेकतायत. तुझा तो टॉवर बिचारा तीच शिळी हवा पुन्हा पुन्हा फिरवतोय."

दादा भिंतीला टेकून इतका हसला की हळूहळू खाली बसला. मग मीही हसले, कारण खरंच, मी कॉम्प्युटरचा श्वास घ्यायचा रस्ताच बंद केला होता! आणि का, तर दिवे छान दिसावेत.

"हवा फासळ्यांच्या बाजूने फेकली जाते. पुढचे दोन्ही उलटे कर," आत्या म्हणाली. "पण मग काचेतून फासळ्या दिसतील हं."

"दिसू देत!"

टाइप केलेलं पुसलं आणि घोरपडीला लिहिलं, 'मी खेळतेय.' साडेतीनला दोन मिनिटं कमी होती.

आठ स्क्रू. दादा टॉर्च धरून, आत्या स्क्रू झेलत, मी पंखे उलटे करत. काच लावली, पट्टी धरली. पुढे ती फटीला चिकटली, मागे उडाली. आत्या एवढंच म्हणाली, "आता घेतोय बघ." पूर्ण सराव करून बघायला वेळच नव्हता. घड्याळात चार.

सामना सुरू झाला. समोरच्या शाळेची पोरं भलतीच तयारीची होती. दहाव्या मिनिटाला आमचे दोघं गारद. माझ्या मागे दादा तापमान वाचत होता, "अडुसष्ट... सत्तर... सत्तर."

"डावीकडून! घोरपड, त्याला धरून ठेव! बाकीचे माझ्या मागे!"

बावीस. तेवीस. चोवीस. मी श्वास घेणंच विसरले. पंचवीस!

"पंचवीस!" मी माइकवर ओरडले. "पंचवीस झाली!" या आनंदात माझ्याकडे कोण चालून येतंय ते मी पाहिलंच नाही आणि मी मेले. खेळात. कॉम्प्युटर जिवंत!

"वाफ, पुढे बघ गं बाई!" घोरपड किंचाळली. "वाढदिवस नंतर साजरा कर!"

पुन्हा उठले. पण पंचविसाव्या मिनिटानंतरचा खेळ मी आजवर कधी खेळलेच नव्हते. बुरुजावर मोठ्या तोफा येतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं!

"हे काय आहे?"

"तोफ आहे! वापर!"

वापरली. फारच छान असते तोफ. चौतिसाव्या मिनिटाला समोरचा बुरूज कोसळला आणि हेडफोनमध्ये चौघांच्या किंकाळ्या एकदमच घुसल्या. इकडे दादा टॉर्च नाचवत होता. आत्या टाळ्या वाजवत होती, आणि मग तिने हळूच विचारलं, "आपण कुठले?"

"जिंकलेले, आत्या!"

सगळे गेल्यावर मी पडद्यासमोर बसून राहिले. तापमान एकाहत्तर. काचेतून पंख्यांच्या फासळ्या दिसत होत्या, दिवे पत्र्याकडे तोंड करून लागले होते. आजवर हा नेहमी स्वतःच बंद पडायचा. आज तो मला माझ्या हाताने बंद करावा लागणार होता.

नाही केला. आणखी एक मॅच लावली.