‘येऊ नका’ असे सांगणारी वेबसाइट

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. हसू नका. तुम्हाला वाटत असेल, जुनी होते ती सायकल, जुनी होते ती छत्री; वेबसाइट कशी जुनी होईल? तिला ना गंज चढतो, ना तिच्या काड्या मोडतात. पण आमचेही वय होते. नव्या मोबाइलवर माझी अक्षरे बारीक दिसतात, एक चित्र अर्धेच उघडते, आणि अगदी खाली कोपऱ्यात लिहिलेले २०१४ हे साल माझे वय येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसते. इंटरनेटवर अकरा वर्षे म्हणजे पुष्कळच झाली.

शुद्ध भाषेत मला संकेतस्थळ म्हणतात. मला ते नाव आवडते, पण जबलपूरच्या आमच्या घरात त्या नावाने मला एकदाही कोणी हाक मारली नाही.

माझी गोष्ट सांगायची तर आधी गीताबाईंची सांगावी लागेल. गीताबाई लग्न होऊन भंडाऱ्याकडून जबलपूरला आल्या. त्यांचे यजमान संरक्षण खात्याच्या कारखान्यात कामाला होते. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये कोणाकडे बाळ जन्मले, की गीताबाईंना बोलावणे यायचे. तेलाची बाटली पिशवीत घालून त्या सवा महिना रोज सकाळी जायच्या आणि बाळाला, बाळंतिणीला मालिश करून यायच्या. किती बाळे त्यांच्या पायांवर न्हाली याची मोजदाद नाही. पण त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. ‘तेलवाली आली’, एवढेच. पुढे त्यांच्याच हातून न्हालेल्या एका मुलाच्या लग्नाची पत्रिका घरी आली, तर तिच्यावरही ‘तेलवाली बाई’ असेच लिहिले होते. गीताबाईंना वाचता येत नव्हते. पत्रिका वाचून दाखवली ती त्यांच्या मुलीने, अंजनीताईंनी, आणि वाचताना तेवढे दोन शब्द गाळले.

त्या दोन शब्दांचा सल अंजनीताईंच्या मनात राहिला. त्यांनी आईची विद्या उचलली, पुढे एका दवाखान्याच्या व्यायामोपचार विभागात सोळा वर्षे मदतनीस म्हणून काम केले, नागपूरला जाऊन मालिश उपचाराचे शिक्षण घेतले. मग २०१४ च्या बुद्धपौर्णिमेला त्यांनी जबलपूरच्या गोरखपूर भागात बाजाराजवळ भाड्याने एक खोली घेतली आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली, ‘अंजनी गजभिये, महिलांसाठी मालिश उपचार’. घरच्यांना त्यांनी सांगून टाकले, “एक वर्ष पाहातो. पुढच्या बुद्धपौर्णिमेपर्यंत बाया आल्या तर ठीक. नाहीतर पाटी काढतो अन् आईची पिशवी घेऊन घरोघरी फिरतो.”

ती पाटी राहावी म्हणूनच मला जन्माला घातले गेले.

मला घडवले अंजनीताईंच्या मुलीने, विनीताने. तिने नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स पूर्ण केला होता. तीन रविवार खपून तिने मला नटवले. आणि काय नटवले म्हणून सांगू! काळे गुळगुळीत दगड, त्यांच्यावर पाण्याचे थेंब, मेणबत्त्या, कुठल्यातरी परदेशातला धबधबा, आणि मधोमध डोळे मिटून पहुडलेली, कानामागे फूल खोवलेली एक गोरी बाई. मला उघडले की आपोआप बासरी वाजायची. माझे नाव होते ‘ब्लिस टच वेलनेस’. सगळा मजकूर इंग्रजीत. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. खोटे कशाला बोलू?

अंजनीताईंनी मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा चष्मा पुसून विचारले, “हे बाई कोण होय वं?”

“मॉडेल आहे मम्मी.”

“आपल्याकडं काम करते का?”

“मम्मी, तू पण ना! फोटो आहे फक्त. सगळ्यांच्या वेबसाइटवर असतेच.”

“अन् माहं नाव काहून नाही दिसून राहिलं?”

“अगं, नाव नाही, ब्रँड पाहिजे. आणि ‘मालिश’ लिहिलं ना, तर लोक चंपी समजतात. थोडी क्लास पाहिजे.”

अंजनीताईंनी मान डोलावली. मुलगी शिकलेली, तिला जास्त कळत असणार, असे त्यांना वाटले. मलाही तसेच वाटले होते.

मला बघायला रोज तीसचाळीस माणसे येऊ लागली. मी आपली फुशारून गेले. पण मित्रांनो, येणारा प्रत्येक जण बघायचा आणि निघून जायचा. गुडघे दुखणाऱ्या बायकांना वाटायचे, हे श्रीमंतांचे काहीतरी दिसते, आपले काम नव्हे. पद्मजाताई नावाच्या एका बँकेतल्या बाईंनी मला कामाच्या टेबलावर उघडले आणि बासरी अशी काही सुरू झाली की सगळी रांग त्यांच्याकडे वळून पाहू लागली. त्यांनी घाईघाईने मला बंद केले. फोन यायचे ते भलत्याच पुरुषांचे, भलतेच काहीतरी विचारणारे. शेवटी अंजनीताई दुपारी फोन बंद करून बसू लागल्या.

थंडी सरत आली तेव्हा जबलपूरजवळच्या सिहोऱ्याहून कलावतीबाई आल्या. निवृत्त शिक्षिका, कमरेने बेजार. नातीने मोबाइलवर मला दाखवले आणि त्या बसने एकट्या आल्या. गोरखपूरच्या बाजारात त्यांनी अर्धा तास तो धबधबा आणि त्या मेणबत्त्या शोधल्या. मग फोन केला. अंजनीताई दाराबाहेर येऊन उभ्या राहिल्या. कलावतीबाईंनी आत डोकावून पाहिले. एक लाकडी पलंग, त्याच्यावर धुतलेली चादर, स्टोव्हवर तेलाची वाटी.

“यहाँ? फोटो में तो कुछ और था.”

“जी, जगह तो यही है. आइए ना, बैठिए.”

“अच्छा... चलो, फिर कभी,” म्हणत त्या आल्या तशा कंबर धरून बसस्टँडकडे परत गेल्या.

त्या संध्याकाळी अंजनीताई विनीताला म्हणाल्या, “त्या बाईनं मले खोटी समजलं. मी तिच्याशी एक शब्द खोटा नाही बोलली.” एवढे बोलून त्या भाजी निवडायला बसल्या. विनीताने माझ्याकडे पाहिले. मला तोंड लपवायला जागा नव्हती. दुखऱ्या कमरेच्या म्हातारीला मीच एवढ्या लांब आणले होते आणि मीच तिला रिकाम्या हाताने परत पाठवले होते.

पुढच्या रविवारी विनीता वही घेऊन आईच्या खोलीत कोपऱ्यात बसली. इतक्या वर्षांत तिने आईचे काम नीट पाहिलेच नव्हते! त्या दिवशी बँकेतल्या पद्मजाताई आल्या होत्या, वेबसाइट पाहून नव्हे, शेजारणीने सांगितले म्हणून. अंजनीताईंनी त्यांना आधी खोलीभर चालायला लावले. “जिना चढताना दुखते का उतरताना?” असे विचारले. तेल स्वतःच्या मनगटावर लावून पाहिले, आणि मगच हात लावला. त्यानंतर अंगात ताप असलेली एक बाई आली, तर तिला त्यांनी पाणी देऊन, डॉक्टरकडे जायला सांगून परत पाठवले.

विनीता म्हणाली, “मम्मी, आधीच कोणी येत नाही, आणि तू आलेल्या बाईला वापस पाठवून राहिली?”

“आईनं मले पहिल्यांदा हेच शिकवलं. हात कुठं लावायचा ते मागून. कुठं नाही लावायचा, ते आधी. तापात नाही, ताज्या टाक्यावर नाही, एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असंल तर मुळीच नाही. एक बाळंतीण अशीच गेली होती म्हणे, आईच्या आईच्या गावात. तवापासून आमच्या घरात हे पाठ करून घेतात.”

विनीताने ते सगळे उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी तिने माझे दागिने उतरवायला सुरुवात केली. दगड गेले, मेणबत्त्या गेल्या, धबधबा आटला. गोरी बाई फुलासकट निघून गेली. बासरी गेली तेव्हा मला खरोखर रडू आले. मला वाटले, आता मी संपले.

त्या जागी आले ते साधेच होते. सगळ्यात वर अंजनीताईंचे नाव आणि त्यांचा हसरा फोटो, मोबाइलवर काढलेला. त्याखाली ती खोली आहे तशी, पलंग, चादर, तेलाची वाटी. फक्त महिलांसाठी. सकाळी किती ते संध्याकाळी किती, पैसे किती, शिलाई मशीनच्या दुकानाला लागून डावीकडे दोन पायऱ्या. मोठ्या अक्षरांत फोन नंबर, बोट ठेवले की लागणारा. मजकूर हिंदीत आणि मराठीत. मी इतकी हलकी झाले, की जिथे मोबाइलला धड रेंज नसते तिथेही चटकन उघडू लागले. आईचे प्रश्नही विनीताने घातले, ‘जिना चढताना दुखतं की उतरताना?’ आणि पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत एक यादी, ‘यातले काही असेल तर मालिशसाठी येऊ नका, आधी डॉक्टरांकडे जा.’ तिच्याखाली एक ओळ होती, ‘ही शिकवण माझी आई गीताबाई यांची.’

विनीताचा भाऊ विनय रेल्वेत आहे. तो पोट धरून हसला. “दुकानाच्या दारावर ‘येऊ नका’ कोण लिहितं? दीदी, पाटी काढायची तयारीच करून राहिली का तू?” बुद्धपौर्णिमेला तेव्हा तीन महिने उरले होते.

मग एका सकाळी कुंडम गावाहून कोणीतरी मला उघडले. तिचे नाव सुनेत्रा. वीस दिवसांची बाळंतीण. तिची डावी पोटरी सुजली होती, दुखत होती, हाताला गरम लागत होती. घरातल्यांना वाटले, बाळंतपणाचा वात आहे, जोरात चोळले की उतरेल. मालिशवाली दारात येऊन बसली होती, तेल तापत होते. सुनेत्राने सहज, पायाला कशी मालिश करतात ते मोबाइलवर शोधले आणि माझी यादी तिच्यासमोर आली. तिने ती दोनदा वाचली आणि फोन लावला.

“दीदी, आपके यहाँ लिखा है कि एक ही पिंडली सूजे तो मालिश नहीं...”

“कौन सा पैर? गरम लगता है?” अंजनीताईंनी एकेक विचारून घेतले. मग म्हणाल्या, “बेटा, किसी को हाथ मत लगाने देना. तेल नीचे रखवा दो. अभी के अभी गाड़ी करो और अस्पताल निकलो. फोन सासूजी को दो, मैं समझाती हूँ.”

सासूबाईंनी समजून घेतले. दुपारी जबलपूरच्या दवाखान्यात कळले, की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो पाय जोरात चोळला असता तर गाठ सुटून छातीपर्यंत गेली असती आणि जिवावर बेतले असते. त्यांनी विचारले, मालिश करू नको असे तुला सांगितले कोणी? सुनेत्राने मोबाइल पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत वाचले. इतक्या सावकाश मला त्याआधी कोणीच वाचले नव्हते.

त्यानंतर त्या डॉक्टरीणबाई आपल्याकडच्या बायकांना अंजनीताईंकडे पाठवू लागल्या. “जी बाई परत पाठवते तिच्याकडे जायला भीती नाही,” असे त्या म्हणत. सिहोऱ्याच्या कलावतीबाईही पुन्हा आल्या. आत येऊन म्हणाल्या, “अब ठीक है, फोटो वाला कमरा और यह कमरा एक ही दिखता है.” बुद्धपौर्णिमा आली तेव्हा खोलीत एक बाई पलंगावर आणि तीन बाकावर होत्या. पाटीचा विषय कोणी काढलाच नाही.

पुढे विनीता लग्न होऊन नागपूरला गेली आणि माझ्याकडे कोणी बघेना. फोन नंबर बदलला, मी जुनाच दाखवत राहिले. साथीच्या वर्षी ‘केंद्र बंद आहे’ असे माझ्यावर लिहिले होते; दार उघडून पाच महिने झाले तरी ते तसेच! बायकांना वाटले, अंजनीताईंनी काम सोडले. मला सगळे कळत होते, पण स्वतःचे अक्षर मला स्वतः पुसता येत नाही. शेवटी विनीता सुट्टीला आली आणि दहा मिनिटांत तिने सारे नीट केले. कामच दहा मिनिटांचे होते.

मित्रांनो, म्हणून माझी एक विनंती आहे. तुम्ही मोठे व्हाल, कोणाकोणासाठी माझ्यासारख्या वेबसाइट बनवाल. तिला उसने दागिने घालू नका. जे हात काम करतात ते दाखवा, आणि त्या हातांचे नाव लिहा. आणि एकदा बनवली की तिला विसरू नका. महिन्यातून एकदा येऊन नुसते विचारा, बाई, तुझ्यावरचे सगळे अजून खरे आहे ना?

आता विनीताने माझ्याऐवजी नवी वेबसाइट बनवली आहे. उद्या मी बंद होणार. काल संध्याकाळी घरी सगळे जमले होते. विनीताने आईला विचारले, “जुन्यातलं काय ठेवू?”

“रंग तुले पाहिजे ते टाक,” अंजनीताई म्हणाल्या. “ते ‘येऊ नका’ तेवढं तसंच राहू दे.”

गीताबाई आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या बाजेवरून म्हणाल्या, “मले वाचून दाखव वं, काय लिहिलं ते.”

अंजनीताईंनी मोबाइल हातात घेतला आणि यादी वाचली. मग शेवटची ओळ वाचली. या वेळी त्यांना एकही शब्द गाळावा लागला नाही.

“तेलवाली नाही लिहिलं?”

“नाही आई. गीताबाई लिहिलं आहे.”

“सगळ्यायले दिसते?”

“सगळ्यायले दिसते.”

गीताबाईंनी पदराने डोळे टिपले, मोबाइल मागून घेतला आणि त्या ओळीवरून बोट फिरवले. माझ्या अक्षरांवरून. नवी वेबसाइट मी पाहिली आहे. माझ्यापेक्षा देखणी आहे, मला थोडा हेवाही वाटला. पण ती ओळ तिच्याही पहिल्याच पानावर आहे. मी नीट पाहून घेतले आहे.