मैत्रीची सरासरी

माणसं माणसांना भेटली की देश देशांच्या जवळ येतात. हे वाक्य परदेशी वकिलातीच्या लघुअनुदानाच्या अर्जावर, पहिल्याच पानावर, जाड ठशात छापलेलं होतं. खाली कुणाची सही नव्हती. हे लिहिणाऱ्याकडे एखादा माणूस तीन आठवडे मुक्कामाला राहून गेला असता, तर ठसा जरा बारीक झाला असता.

मास्तरांकडे राहिला होता.

मास्तर म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयाच्या बांधणी विभागाचे प्रमुख. विभागात माणसं दोन, मास्तर आणि त्यांची थोरली बहीण आक्का. मास्तर पुठ्ठे कापायचे, खळ शिजवायचे, पुस्तकं दाबाखाली ठेवायचे. आक्का पानांचे जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवायची आणि शिवता शिवता सगळ्या ग्रंथालयाची खबर ठेवायची. तळमजल्यावरची ही लांबट, एका खिडकीची खोली त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांची होती. भिंतीला लागून लोखंडी दाबयंत्र होतं, त्याचं चाक फिरवताना वडिलांचा हात जिथे पडायचा तिथला रंग उडालेला होता.

ग्रंथपालांना ती खोली स्कॅनरसाठी हवी होती. "पुस्तक बांधत बसायचं कशाला? फोटो काढायचा, मोकळं व्हायचं," असं ते म्हणत. त्यांना पुस्तक वाचताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे या विषयावरचं त्यांचं मत निःपक्षपाती मानलं जाई.

मग अनुदान आलं. तिकडचा एक बाइंडर येणार, तीन आठवडे मास्तरांबरोबर काम करणार, राहणार त्यांच्याच घरी. सगळं नीट पार पडलं तर दुसरं वर्षही मंजूर व्हायचं होतं.

"दुसरं वर्ष मंजूर झालं तर खोली तुमची," ग्रंथपाल म्हणाले. "नाही झालं तर माझी. मग कुरकुर ऐकणार नाही."

पाहुणा यायच्या आधी ग्रंथालयातल्या आणि घरच्या मिळून चोवीस जणांनी एक प्रपत्र भरलं. त्या देशाची माणसं तुम्हाला कशी वाटतात? एक म्हणजे अगदी वाईट, पाच म्हणजे फार चांगली. तिकडचा माणूस कुणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळे सगळ्यांनी मोकळ्या मनाने गुण दिले. सरासरी आली चार पूर्णांक सहा.

आणि मग पाहुणा आला.

त्याने इकडची भाषा पुस्तकातून शिकलेली होती. भांडतानाही तो निबंध लिहिल्यासारखा बोले. खोलीचं दार उघडल्याउघडल्या त्याने चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाला, "मी अत्यंत निराश झालो आहे." मास्तरांना वाटलं, प्रवास लांबला असेल.

दुसऱ्या दिवशी त्याने खळीच्या पातेल्यात डोकावून पाहिलं. प्रत्येक पान तो लहानशा चिमट्याने उचले, म्हणून आक्काने त्याचं नाव तोवर चिमटा ठेवून टाकलं होतं.

"यात काय आहे?"

"मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद," मास्तर म्हणाले. "कीड लागू नये म्हणून. वडील घालायचे."

"मोरचुदाने कागद जळतो. आणि मैद्याने कीड येते. म्हणजे आपण आधी कीड बोलावता आणि मग तिला मारण्यासाठी पुस्तक जाळता."

"चाळीस वर्षांत एक पान जळलं नाही."

पाहुण्याने कपाटातून वडिलांच्या हातचं एक जन्मनोंदीचं रजिस्टर काढलं, पातळ पातं घेतलं आणि सगळ्यांच्या देखत त्याचा दोरा कापून ते उसवलं. विचारलं नाही. त्यांच्याकडे पुराव्याला परवानगी लागत नसावी. आत एकही कीड नव्हती, कागदही शाबूत होता.

"अद्याप तरी," पाहुणा म्हणाला.

त्या दिवसापासून मास्तरांनी त्याच्याशी बोलणं तोडलं. आता मास्तरही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. पाहुण्याने तिकडून दुरुस्तीचा एक पातळ कागद आणला होता, त्याचा एक ताव बनवायला म्हणे कारागिराचा अख्खा दिवस जातो. त्यात मास्तरांनी जेवणाचा डबा गुंडाळला. दोनदा.

घरी वेगळंच रामायण. पाहुणा जेवायचा, उठायचा आणि ओट्यावरची घासलेली भांडी पुन्हा घासायचा. स्वतःचीच नव्हे, सगळी. तोंडाने काही बोलायचा नाही.

"माझी घासलेली भांडी परत घासतो!" मास्तरांची बायको चौथ्या दिवशी फुटली. "माझ्या सासूने कधी हिंमत केली नाही ती!"

"आईने केली असती," आक्का म्हणाली, "पण तिला गुडघ्यांचा त्रास होता."

एरवी एवढ्यावर महिनाभराचा अबोला झाला असता. पण त्या रात्री नणंद-भावजय शेजारी शेजारी बसून पाहुण्याला नावं ठेवत राहिल्या. वीस वर्षांत त्या पहिल्यांदाच एका बाजूला बसल्या होत्या. सांस्कृतिक आदानप्रदानाचा एवढा एक परिणाम डोळ्यांना दिसत होता, पण त्याच्यासाठी प्रपत्रात रकाना नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात तेच प्रपत्र पुन्हा भरून घेतलं. सरासरी आली एक पूर्णांक आठ. चोवीस जणांत ज्याचे गुण वाढले असा एकच निघाला, शिपाई. त्याने प्रपत्र गावाहून भरून पाठवलं होतं; तो तिन्ही आठवडे रजेवर होता.

वकिलातीच्या सांस्कृतिक कक्षात काम करणारी बाई बुधवारी आली. दर वाक्यात ती एकदा तरी मैत्री म्हणे, म्हणून आक्का तिला मैत्रीबाई म्हणायची. आल्या आल्या तिने गठ्ठा टेबलावर आपटला.

"मास्तर, एक पूर्णांक आठ? यावर दुसरं वर्ष कोण देणार? अहो, तोफा चालू असलेल्या ठिकाणाहून माझ्याकडे सव्वादोन येतात!"

"तिथे भांडी घासायला कुणी जात नसेल," आक्का सुईत दोरा ओवत म्हणाली.

"वर छापलंय, मनापासून लिहा," मास्तर म्हणाले. "लोकांनी मनापासून लिहिलं."

"छापलेलं सगळं करायचं नसतं, मास्तर."

"आणि तुमच्या अर्जात होतं की एकमेकांची ओळख वाढली पाहिजे. वाढली की. आधी आम्ही त्यांना ओळखत नव्हतो, म्हणून चार पूर्णांक सहा दिले."

मैत्रीबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मास्तरांना आपण वाळवी असल्यासारखं वाटलं. मग तिने पिशवीतून कोऱ्या प्रपत्रांचा एक गठ्ठा काढून खुर्चीवर ठेवला.

"हे मी इथे विसरून चाललेय. मी तुम्हाला काहीही सुचवलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी माणूस ते न्यायला येईल. मला खोटं नकोय, मला मैत्री हवीय. आणि त्याचंही बघा." तिने खिडकीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या पाहुण्याकडे हनुवटी केली. "त्यांच्या बाजूचं प्रपत्र एकच आहे, त्याचं. म्हणजे त्यांच्या अख्ख्या देशाची सरासरी म्हणजे तो. एक गुण दिलाय तुम्हाला. सोबत दोन पानं खुलासा जोडलाय."

ती गेली आणि मास्तर दारोदार फिरायला लागले. ज्या माणसाचं तोंड बघायची इच्छा नव्हती, त्याच्यासाठी मतं मागायची वेळ आली होती.

आवक-जावक कारकुनाने आधी नाही म्हटलं, मग प्रपत्र पुन्हा वाचलं. "थांबा. मोठा आकडा चांगला का? मी एकला पहिला नंबर समजलो होतो. मागच्या खेपेला शेजारच्याचं बघून लिहिलं म्हणून बरं, नाहीतर पाच दिले असते. म्हणजे मला तो आवडला असं झालं असतं!"

"मग आता पाच द्या."

"आता तर मुळीच नाही देणार."

मास्तरांनी त्याच्या पोराच्या बाराही वह्या पक्क्या बांधून द्यायचं कबूल केलं, तेव्हा त्याने पाच दिले. संदर्भ विभागातल्या बाईंना पाहुण्याने आवाज करून चहा पिण्यावरून टोकलं होतं. त्यांनी पाचावर खूण केली, पण पेन इतकं दाबून, की ती खालच्या तीन प्रपत्रांवरही उमटली. मास्तरांनी तीही ठेवून घेतली. ग्रंथपालांनी मात्र एकच्या जागी एकच ठेवला. "हा तत्त्वाचा प्रश्न आहे," ते म्हणाले, आणि खोलीच्या दाराची रुंदी मोजायला टेप मागवला.

घरी बायकोपुढे कागद ठेवला, तेव्हा तिने हात पुसले.

"त्या माणसाला पाच?"

"खोलीला पाच दे, असं समज."

"अहो, तीन आठवडे मी त्याचं केलं. तुम्ही त्याच्याशी एक शब्द बोलला नाहीत, सगळं माझ्यावर टाकलंत. देते पाच. पण मग आणखी एक कोरा फॉर्म आणा. तुमच्यासाठी."

"त्यात किती देशील?"

"तो मी लोकांत नाही भरायची," बायको म्हणाली आणि खूण केली.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत हिशेब लागला. तेवीस पाच आणि ग्रंथपालांचा एक. चार पूर्णांक आठ. मास्तरांनी दोनदा भागून पाहिलं. उरला फक्त तिकडचा अख्खा देश. तो खिडकीपाशी बसून आपली पाती तेलाच्या फडक्याने पुसत होता.

मास्तर त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले. अडीच आठवड्यांनी पहिल्यांदा त्याच्याशी बोलायचं म्हणून घसा खाकरला.

"तुम्ही आम्हाला एक दिलाय."

"होय. शून्य उपलब्ध नव्हते."

"आधी चार दिले होते."

"तेव्हा मी आपणांस ओळखत नव्हतो."

"मीही," मास्तर म्हणाले. तीन आठवड्यांत दोघांचं एकमत झालेला हा पहिला मुद्दा होता, पण दोघांनाही त्याचा आनंद झाला नाही. "हे बघा, मला तुमच्याकडून कौतुक नको. ही खोली जाईल. इथे यंत्र येईल. तुम्हीही बाइंडर आहात."

पाहुण्याने खोलीभर पाहिलं. "ही खोली वाईट आहे," तो म्हणाला. "परंतु यंत्र अधिक वाईट आहे. मी पाच लिहीन. एका अटीवर. आपण लिहून द्या की खळीत मोरचूद घालणे ही चूक आहे."

मास्तरांनी आधी स्टूल मागे सरकवलं. मग त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं. खळीत मोरचूद घालणे ही माझी चूक आहे.

पाहुण्याने चिमट्याने कागद उचलून वाचला आणि परत खाली ठेवला.

"आणि आपल्या वडिलांची," तो म्हणाला. "ते रजिस्टर आपण बांधलेले नव्हते."

मास्तरांचा हात थांबला. बारा वर्षांचे असताना त्यांनी वडिलांच्या शेजारी उभं राहून पहिल्यांदा खळ ढवळली होती. गुठळी झाली म्हणून वडिलांनी पळीची दांडी हातावर मारली होती, आणि मग तोच हात हातात धरून चिमूट किती असते ते दाखवलं होतं. पाहुण्याची पाती हाताशीच होती. मास्तरांनी पात्यांकडे पाहिलं, पाहुण्याने मास्तरांकडे, आणि मग पाहुण्याने ती एकेक करून पेटीत ठेवली.

"लिही," आक्का मागून म्हणाली. ती शिवत नव्हती. "बाबा काही वाचायला यायचे नाहीत."

"आक्का, तू सांगतेस?"

"मीच सांगतेय. तुला एकदा पळी बसली, मी त्यांचा रोजचा मार खाल्लाय. लिही आणि मोकळा हो. नाहीतर तो स्कॅनर बसेल त्यांच्या जागेवर, मग वाचवून ठेव त्यांची अब्रू."

मास्तरांनी 'माझी' पुढे 'आणि माझ्या वडिलांची' असं वर बारीक अक्षरात घुसडलं आणि सही केली. पाहुण्याने शाई वाळेपर्यंत वाट पाहिली, कागद घडी न घालता दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला, आणि नव्या प्रपत्रावर पाच लिहिला. ठरल्या बोलाला तो पक्का होता. तेवढं सोडून त्याच्यात घेण्यासारखं काही नाही, असं मास्तरांचं मत होतं, आणि पुढेही राहिलं.

शनिवारी तो गेला. जाताना त्याने कुणाचा हात हातात घेतला नाही, कुणी पुढे केलाही नाही. आक्काने दार लावलं. बायकोने त्या दिवशी भांडी दुपारपर्यंत तशीच ठेवली, केवळ आनंदाने.

दोन महिन्यांनी वकिलातीचं पत्र आलं. ते ग्रंथपालांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, मास्तरांनाच वाचायला लावलं.

'उभय बाजूंनी प्रकट झालेला असाधारण स्नेह पाहून समिती भारावून गेली आहे,' मास्तरांनी वाचलं. आवक-जावक कारकुनाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मास्तर पुढे वाचत गेले. 'आपल्या येथे कार्यक्रमाचा हेतू पूर्णतः सफल झाल्याने पुढील सहकार्याची आवश्यकता उरलेली नाही. यंदापासूनच्या नव्या धोरणानुसार, जेथे सरासरी दोनहून कमी आली आहे, अशा ठिकाणी कार्यक्रम तीन वर्षांसाठी वाढवण्यात येत आहे.'

कारकुनाच्या टाळ्या थांबायला जरा वेळ लागला.

मास्तरांनी तिथूनच मैत्रीबाईला फोन लावला.

"अभिनंदन, मास्तर! तुमच्याइतकी सरासरी कुणाचीच नाही!"

"तुम्हाला माहीत होतं हे धोरण?"

"मलाही पत्रातूनच कळलं," ती म्हणाली. "आणि हे बघा, मी तेव्हा काहीही सुचवलेलं नव्हतं."

ग्रंथपालांनी खोली सोमवारपर्यंत रिकामी करून मागितली. सोमवारी सुट्टी होती, त्यामुळे ती मंगळवारी रिकामी झाली.