एका प्रतीतली चूक

आमच्या घरात खोटे बोलण्याची रीत नाही. मी छापखाना चालवत होते तेव्हाही नव्हती, आणि मुलगा गेल्यावर ती नव्याने सुरू करावी, असे मला वाटले नाही. समाचाराला येणाऱ्यांची वर्दळ थांबली त्या दिवशी मी सुनेला बोलावले आणि म्हटले, "त्या डबीतलं उत्तर बदल."

डबी म्हणजे ह्यांच्या उशाशी ठेवलेले बोलके यंत्र. ह्यांची स्मृती विरत चालली तेव्हा मुलाने ते करून दिले होते. हे विचारत, "आज वार कोणता?" डबी वार सांगे. "चष्मा कुठे गेला?" "कपाळावर चाचपून पाहा, बाबा." डबीला स्वतःला काहीच ठाऊक नसे. प्रश्न दूर कुठेतरी ठेवलेल्या एका संगणकाकडे जाई आणि तिथे मुलाने लिहिलेला प्रोग्रॅम उत्तर शोधून परत धाडी. पुढे अशीच विसरभोळी माणसे असलेली कितीतरी घरे त्या सेवेला जोडली गेली, आणि मुलगा व सून दोघेही तेच काम पाहू लागले.

ह्यांचा एक प्रश्न मात्र रोजचा ठरलेला: "तो कुठे आहे?" त्याचे उत्तर मुलाने स्वतःच्या आवाजात भरून ठेवले होते. "कामावर आहे, बाबा. संध्याकाळी येतो."

एका सकाळी दाढी करता करता तो कोसळला. डबी त्याच्या आवाजात सांगतच राहिली. मला ते स्वयंपाकघरात ऐकू येई आणि हातातले भांडे हातातच राही.

"राहू दे ना, आई," सून म्हणाली. "बाबांना आता काय कळतंय?"

"कळत नाही म्हणून फसवायचं? जन्मभर लोकांच्या चुका काढल्या त्या माणसानं." हे आमच्याच छापखान्यात मुद्रितशोधक होते. मालकीण मी आणि चुका काढणारे हे, असा आमचा संसार. "खरं असेल ते घाल."

तिने घातले. यंत्राच्या कोरड्या आवाजात: "तो आता नाही. तो वारला."

आणि दुसऱ्याच सकाळी माजघरातून जाताना मुलाचा आवाज कानी पडला. "संध्याकाळी येतो." मी तडक सुनेच्या टेबलापाशी गेले.

"माझ्या पाठीमागे उत्तर पुन्हा बदललंस?"

"नाही हो, आई!"

"मग आत्ता काय भूत बोललं?"

तिचा चेहरा उतरला. "थांबा, इथूनच विचारून बघते." तिने तोच प्रश्न आपल्या संगणकावरून पाठवला. संध्याकाळी येतो. पुन्हा पाठवला. संध्याकाळी येतो. पुन्हा. वारला. त्यानंतर तिने आवाज बंद केला आणि पडद्यावरची नुसती अक्षरे वाचू लागली.

"कळलं," ती बऱ्याच वेळाने म्हणाली. "घरं वाढली, म्हणून मी हल्लीच सेवा चार कोअरवर नेली."

"माणसांच्या भाषेत सांग."

"संगणकाच्या मेंदूचे चार भाग समजा. ह्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम एकाच भागावर चालायचा, बाकीचे तीन नुसते बसून. सगळा भार एकावर, म्हणून उत्तरं उशिरा जायला लागली. मग मी त्याच प्रोग्रॅमच्या चार प्रती चालू केल्या, एकेका भागावर एक. आता जिची पाळी येईल ती उत्तर देते."

"मग बिघडलं कुठे?"

"ह्यांनी लिहिलं तेव्हा प्रत एकच होती. सुरू होताना तिनं सगळी उत्तरं पाठ करायची आणि मध्येच काही बदललं तर तिनंच लक्षात ठेवायचं. आता तुमचा बदल एकीच्याच कानावर गेला. बाकीच्या तिघींना..." तिने पडद्यावरून नजर काढली. "बाकीच्या तिघींना ते गेलेले माहीतच नाही."

मला अधिक समजावून सांगावे लागले नाही. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या चौघांना चार मुद्रिते दिली आणि दुरुस्ती एकावरच केली, तर उरलेले तिघे जुनेच छापणार.

"चौघींना मिळून एक फळा ठेवायला हवा होता," ती म्हणाली. "लिहायचं तिथे, वाचायचं तिथूनच. माझ्या लक्षातच आलं नाही. आता करते. मग चौघी एकच सांगतील. तुम्ही म्हणाल ते."

इतक्यात आतून ह्यांचा आवाज आला. "तो कुठे आहे?"

"तो आता नाही. तो वारला."

आम्ही दोघी दारात जाऊन उभ्या राहिलो. हे शांत होते. चुकीचे मुद्रित बाजूला सारून दुसऱ्याची वाट पाहावी, तसे थोडे थांबले आणि त्यांनी पुन्हा विचारले.

"कामावर आहे, बाबा. संध्याकाळी येतो."

ह्यांनी मान डोलावली. मग मी दिसले. "अगं, एका प्रतीत चूक राहिलीय. तेवढी दुरुस्त करायला सांग तिला."

सून माझ्याकडे पाहत होती. "आई, कोणतं ठेवू?"

मी हुकूम देत आले आहे, आणि तो देताना कधी अडखळले नाही. त्या दिवशी दाराची चौकट धरून उभी राहिले.

"दोन्ही काढ," मी अखेर म्हणाले. "या प्रश्नाला डबीनं उत्तर द्यायचं नाही. मला हाक मारायला सांगायचं."

"ते दिवसभर विचारतात, आई."

"माझे पाय अजून शाबूत आहेत."

"आणि त्यात भरलेला ह्यांचा आवाज?"

"तो तुझ्याजवळ ठेव. तुझाच आहे तो."

दुपारभर ती काम करत बसली. मीही शेजारी बसून राहिले. नवा फळा तयार झाल्यावर तिने जुन्या प्रती बदलायला घेतल्या. सगळ्या एकदम नाहीत. एक बंद करायची, तिच्या जागी नवी उभी करायची, मगच दुसरीला हात लावायचा, म्हणजे कुठल्याच घरचा प्रश्न अडत नाही. शेवटच्या जुन्या प्रतीपाशी तिची बोटे थांबली.

"हिला अजून वाटतंय, ते कामावर गेलेत."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने कळ दाबली.

दिवेलागणीला ह्यांनी विचारले. डबी म्हणाली, "हे आईला विचारा, बाबा." हाक आली. मी जाऊन समोर उभी राहिले.

"अहो, तो गेला. आपला मुलगा गेला."

हे माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. ओळीवरून नजर फिरवावी तसे पाहिले, अगदी सावकाश. चूक सापडली नाही.

"आणि तू एकटीच...?" हे म्हणाले. मग कष्टाने भिंतीकडे सरकले आणि पलंगावर माझ्यापुरती जागा केली. "बस. काही खाल्लंस का?"

तोवर मी कोणासमोर रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. ह्यांना आदल्या दिवशीचे काही आठवत नव्हते. मी चष्मा पुसला, आत गेले आणि सांगितले. हे भिंतीकडे सरकले.