बिनकामाचा पत्रा

दाजींची कॅम्पर व्हॅन गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली आणि मिस्त्रीच्या हातातला पाना हातातच राहिला. ताई जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून त्याने ही गाडी पाहिली नव्हती. खिडक्यांना अजून ताईनेच शिवलेले निळ्या फुलांचे पडदे होते, एका बाजूला चार बोटं आखूड. देव माणसाला नेतो, पण त्या माणसाने आखूड कापलेलं कापड मात्र मागे ठेवून जातो.

"या म्हणायचंस तरी कधी," दाजी उतरता उतरता म्हणाले.

"बहिणीच्या नवऱ्याला काय बोलावणं लागतं?"

"बोलावणं नाही, कारण लागतं. आज घेऊन आलोय. गाडी तापली की सेल्फ घेत नाही. चावी फिरवली की नुसतं टक्. तीन ठिकाणी दाखवली. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने पंप. तिसरा म्हणाला, आजोबा, आता विकून टाका." दाजींनी बॉनेटवर थाप मारली. "संध्याकाळी त्यांच्याकडे सोडायची, ते सकाळी बघणार. तोवर ही गार. मग बघायला आलेल्या पाहुण्यांपुढच्या पोरीसारखी, एका हाकेत ओ देते."

"ताप तापातच मोजावा लागतो, दाजी. बसा. आधी आजारी पाडू हिला."

गावामागच्या चढाच्या रस्त्याने त्यांनी पाऊण तास गाडी दामटली. परत गॅरेजमध्ये आणून मिस्त्रीने इंजिन बंद केलं आणि बॉनेटला हातही लावला नाही. बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं ताप वाढतच जातो. वारा थांबतो आणि आतली सगळी धग जागच्या जागी कोंडते. तेवढा वेळ नुसतं बसायचं होतं. दोघं व्हॅनच्या पायरीवर बसले, आणि दाजी आपणहून बोलू लागले.

"मला दुरुस्ती नकोय रे. मला फक्त कळायला हवं. त्या सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं तसा मी तिला ह्याच गाडीतून दवाखान्यात घेऊन निघालो. अर्ध्या वाटेत म्हणाली, अहो, दोन मिनिटं ही धडधड बंद करा, मळमळतंय. मी केली बंद. मग काही केल्या चालू होईना. फोन लागेना, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पंचवीस मिनिटं चावी फिरवत बसलो, तेव्हा कुठे उठली. ती मागे पडून मलाच धीर देत होती, होईल हो, होईल." त्यांनी चष्मा काढला आणि तसाच परत लावला. "डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. आता तू सांग. दोष गाडीचा, की बंद करणाऱ्याचा?"

मिस्त्रीने उठून चावी फिरवली.

टक्.

पुन्हा टक्. मीटर लावून पाहिलं, बॅटरी ठणठणीत होती. म्हणजे रोग सेल्फचाच. तो पाठीवर सरकत गाडीखाली गेला. सेल्फच्या टोपणाला बोट लावलं तर चटका बसला. शेजारून, जेमतेम वीतभर अंतरावरून, सायलेन्सरचा पाईप गेला होता. आणि त्या दोघांच्या मधे दोन रिकामी भोकं होती.

ती भोकं त्याने ओळखली. तिथे एक पत्रा होता. पाईपची धग सेल्फला लागू नये म्हणून बसवलेला, तळहाताएवढा. गेल्या वर्षी ताई कुरकुरत आली होती. 'धाकट्या, खाली काहीतरी सारखं खडखडतं, माझा डोळा लागत नाही. काढ ना ते.' त्याने दोन नट सोडवले, पत्रा भंगारात फेकला आणि वर ऐटीत म्हणाला होता, "बिनकामाचा होता गं ताई." आयुष्यभर लोकांच्या गाड्या जपणारा माणूस, बहिणीच्या लाडापायी नेमका तिच्याच गाडीत चुकला.

खात्री करायला एकच परीक्षा उरली होती. सेल्फवर ओलं फडकं टाकायचं. गार पडून गाडी लगेच उठली, तर दुखणं हेच.

"दाजी, समोरून दोन चहा सांगा ना."

"आत्ता? बरं, मालक."

फडकं भिजवायला म्हणून त्याने सवयीने व्हॅनच्याच मोरीचा नळ सोडला, आणि पाणी बोटांवर पडताच तो थबकला. साठ लिटरची टाकी. ताई ती कायम काठोकाठ भरून ठेवी. म्हणजे त्या सकाळीही दाजींच्या पाठीमागे, गाडीतल्या गाडीत, साठ लिटर पाणी होतं.

फडकं टाकलं. वर दोन तांबे ओतले. मिनिटभराने चावी फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्यात उठली. त्या सकाळीही एवढ्याच पाण्याचं काम होतं.

आवाज ऐकून दाजी दोन्ही हातांत पेले घेऊन जवळजवळ धावतच आले. "झाली? काय होतं?"

मिस्त्रीने इंजिन बंद केलं. "दोष तुमचा नाही, दाजी. माझा आहे." आणि पत्र्याची हकीकत त्याने एका दमात सांगून टाकली. काही लपवलं नाही, 'बिनकामाचा' हा शब्दसुद्धा.

दाजी पेले धरून तसेच उभे होते. चहा बोटांवर सांडत होता.

"तिनेच सांगितलं होतं ना काढायला?"

"तिने खडखड थांबवायला सांगितलं होतं. नट आवळले असते तरी थांबली असती. काढला मी."

मग दाजी हळू म्हणाले, "त्यानंतर गाडीत फार गाढ झोपायची ती. म्हणायची, माझ्या भावाच्या हाताला गुण आहे." त्यांनी एक पेला मिस्त्रीच्या हातात दिला. "नवा पत्रा बसव. खडखडला तरी आता कुणाची झोप मोडायची नाही."

मिस्त्रीला रडू आवरेना. तो तोंड फिरवून उभा राहिला, तेवढ्यात दाजींची नजर खाली गेली. सेल्फच्या खाली फरशीवर थेंब थेंब पाणी पडत होतं.

"हे पाणी कसलं?"

खोटं बोलू नये हे मिस्त्रीला कुणी शिकवायला नको होतं. पण देव सगळं ऐकत असला, तरी सगळंच लिहून ठेवत नसावा.

"टाकी गळतेय, दाजी."

दाजी वाकले. एक थेंब त्यांनी बोटावर घेतला. तो कोमट होता. टाकी त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवली होती, पार मागे, दुसऱ्या अंगाला. ते बोट त्यांनी सावकाश सदऱ्याला पुसलं.

"गळायचीच," ते म्हणाले. "जुनी झाली."

आणि चहा संपेपर्यंत त्यांनी टाकीच्या बाजूला एकदाही पाहिलं नाही.